मायच्या कुकरची शिट्टी

आमच्या भागात एके काळी जे गाणं वाजल्याशिवाय वरात पुढे सरकत नव्हती, त्यात माझ्या मायचा कुकर आहे. ही गोष्ट मी बरीच वर्षं लपवून ठेवली. लोकांना वाटायचं, ती शिट्टी कुठल्या तरी परदेशी मशीनमधून काढली असेल, आणि मी त्यांना तसं वाटू द्यायचो. माय मात्र आमच्या गावी, उंद्रीत, बायांना सांगत फिरायची, "तो माया कुकर होय वो बाई. त्याची शिट्टी तिरपी बसते, मनून तशी वाजते." कोणी विश्वास ठेवला नाही म्हणून माझी इज्जत वाचली.

आता मला ती शिट्टी एकदा ऐकायची होती. त्यासाठी गेले काही महिने मी एका जागी बसू शकलेलो नाही. जेवता जेवता उठायचो, बोलता बोलता उठायचो, रिकाम्या खोलीत गेलो की आधी पंखा लावायचो. बायको म्हणायची, याच्या पायाला चाकं लागली. चाकं कसली, मला घाई झाली होती, आणि ती कशाची ते कोणाला सांगता येत नव्हतं.

ते गाणं केलं तेव्हा माझं नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि 'गाणे भरून मिळतील' अशी पाटी. लोक मोबाईलमधून नखाएवढं मेमरी कार्ड काढून द्यायचे आणि मी त्यात गाणी भरून द्यायचो. गाडी लेट असली की स्टेशनवरची गर्दी माझ्याकडे यायची. कापसाच्या जिनिंगमधले हमाल यायचे, कॉलेजची पोरं यायची. दिवसभर दुसऱ्यांची गाणी भरता भरता मला त्यांची चिरफाड करायचा नाद लागला. कुठून तरी एक फुकटातलं सॉफ्टवेअर मिळालं होतं. एखाद्या जुन्या गाण्याचा मुखडा उचलायचा, त्याचा वेग वाढवायचा, खाली हलगीचा ठेका घालायचा आणि मध्ये मध्ये बास ठोकायचा. याला सगळे 'डीजे मिक्स' म्हणायचे. असे उद्योग करणारे जिल्ह्यात मोजके होते. आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती, पण ठेक्यावरून ओळखायचो. जानेफळकडचा एक जण ढोलकी अशी काही लावायचा की मी दुकानात बसून जळायचो.

आजची पोरं त्या आवाजाला हसतात. पत्रा वाजल्यासारखं वाटतं म्हणतात. वाटतं कारण तो पत्राच होता. आमच्याकडे मोठे बॉक्स नव्हते, पत्र्याचे भोंगे होते, आणि भोंग्यातून जे चांगलं निघेल तेच आम्ही गाण्यात घालायचो. हे त्यांना समजावून सांगायला गेलं की ती 'हो काका' म्हणतात आणि मोबाईलमध्ये तोंड घालतात. माझा असा संताप होतो!

भोंगे माझ्या दोस्ताच्या घरचे होते. त्याचे वडील, म्हणजे आमचे चाचा, लग्नाला, उरुसाला, जयंतीला लाऊडस्पीकर लावायचे. हातगाडीवर दोन भोंगे, एक बॉक्स, अँप्लिफायर आणि मागे दोरी ओढून सुरू करायचा छोटा जनरेटर. माझं पहिलं मिक्स मी मोठ्या ऐटीत एका वरातीत लावलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बासच बास भरला होता. नवरदेव घोड्यावर, करवल्या नटूनथटून पुढे, आणि पहिला बास पडताच जनरेटरनं मान टाकली. बल्ब लालसर झाले, अँप्लिफायर खुडूक करून बंद पडला, घोडा बिथरला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. वरातीतले लोक मला शोधायला लागले तेव्हा मी हातगाडीच्या मागे उकिडवा बसलो होतो.

चाचांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "बेटा, गाना तो ठीक है. पन बास पाडायच्या आधी जनरेटरले जरा दम खाऊ दे. आदमीलेबी लागते."

मग मी गाण्याला दम खायला लावला. बासच्या आधी सगळं बंद. हलगी बंद, गाणं बंद, काहीच नाही. तेवढ्यात जनरेटर सावरायचा, बल्ब पुन्हा पांढरे व्हायचे, आणि मग एकच आखूड, ठसठशीत बास. यंत्राला हे मानवलं, पण माणसांना कळेना. गाणं थांबलं की लोक म्हणायचे, गेली बे लाईट. कोणी शिव्या घालायचं, कोणी पाणी प्यायला निघून जायचं. हे बंद पडलेलं नाही, थांबलेलं आहे, हे आधीच कळेल अशी काहीतरी खूण हवी होती.

ती खूण मला उंद्रीला आमच्या घरात मिळाली. रविवार होता. मी ओट्यावर पडलो होतो आणि आत मायने तुरीची डाळ लावली होती. तिचा कुकर जुना. त्याची शिट्टी तिरपी बसायची, त्यामुळे सरळ वाजतच नसे. आधी सुं, मग थांबून पुन्हा सुं, आणि मग एकदम लांबलचक वर चढत जायची. लहानपणापासून ऐकलेला आवाज, पण त्या दिवशी मी उठून बसलो. मोबाईल घेऊन गॅसपाशी गेलो आणि रेकॉर्ड करायला लागलो. माय म्हणाली, "काऊन बे, आता कुकरचा फोटो काढून राह्यला का?" हे तिचं बोलणंही रेकॉर्ड झालं, ते मी नंतर कापलं. कापायला नको होतं असं आता फार वाटतं. दुकानात आल्यावर मी ती शिट्टी सॉफ्टवेअरमध्ये ताणून ताणून वर नेली, सुईसारखी बारीक केली. भोंग्यातून ती अशी निघायची की हलगीच्या सगळ्या धिंगाण्यावरून मागच्या माणसापर्यंत जायची.

त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. शिट्टी अडखळायची, चढायची, आणि ती चढता चढता लोक आपोआप खाली वाकायचे. गुडघ्यावर हात ठेवून, मान खाली घालून सगळी वरात वाकलेली. मग गाणं बंद. त्या शांततेत जनरेटरचं धडधडणं ऐकू यायचं, कोणाच्या तरी बांगड्या वाजायच्या, एखादं पोर खुदकन हसायचं. आणि बास पडला की सगळे एकदम वर. हे असं करा असं मी कोणाला शिकवलं नव्हतं. कोणी सुरू केलं तेही ठाऊक नाही. पण नांदुऱ्यापासून उंद्रीपर्यंत ती पद्धत पडली, आणि नंतर नंतर म्हातारी माणसंही त्या जागेला अर्धवट वाकून घ्यायची.

आमच्याकडे जयंती म्हटलं की कोणाची ते सांगावं लागत नाही. त्या वर्षी उंद्रीतल्या मिरवणुकीत चाचांची गाडी होती आणि गाडीवर मी होतो. चौकात बाया उभ्या होत्या, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत, आणि त्यांत माय. मी मिक्स लावलं. शिट्टी चढली तशी बायांची ती पांढरी रांग वाकली. मायही वाकली, पण मान तेवढी वर ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. तिचं तोंड हसू दाबून फुगलं होतं. मी गाडीवर उभा राहून रडलो, हे लपवायचं काही कारण नाही.

मग काय व्हायचं ते झालं. मोठे जनरेटर आले, त्यांना दम खायची गरज उरली नाही. हातगाडी गेली, ट्रक आले, भोंगे गेले, भिंतीएवढे बॉक्स आले. बास सुरू झाला की थांबेचना. जिथे आमची शांतता होती तिथे मिक्स करणारे आपलं नाव ओरडून घ्यायला लागले. आता तर नुसता बॉक्स किती हादरतो ते पाहण्यासाठी मिक्स बनतात, त्यात गाणंच नसतं. पोरं हुशार आहेत, माझ्यापेक्षा शंभर पट हुशार आहेत, ते मी मान्य करतो. तरी त्यांची गाडी दारावरून गेली की मी खिडकीत जाऊन दात खातो. प्रत्येकाच्या हातात इंटरनेट आलं तसं माझं दुकानही बंद पडलं. आता मी मोबाईल दुरुस्त करतो. पण मधली बरीच वर्षं मीही त्या भिंतींसमोर उभा राहून, बास नीट पडतो का ते तपासत होतो. चाचा कानात कापसाचे बोळे घालून गाडीबरोबर चालायचे, तेव्हा मी आणि दोस्त त्यांना हसायचो. अख्खं नांदुरा कापसानं भरलेलं आणि माझ्या कानात घालायला चिमूटभर मिळाला नाही.

एका दुपारी बायको बाहेर जाताना म्हणाली, कुकर झाला की गॅस बंद करा. आमचा नवा कुकर, त्याची शिट्टी बारीक. मी शेजारच्या खोलीत बसून होतो. ती परत आली तेव्हा घरभर धूर आणि डाळीचा कोळसा. मी कुकरला दोष दिला, कंपनीला दोष दिला, गॅसवाल्याला दोष दिला. बायकोनं नवी डाळ लावली आणि मला समोर बसवलं. कुकरच्या तोंडातून वाफ जोरात निघाली. ती म्हणाली, "वाजली." मला फक्त फुसफुस ऐकू आली.

अकोल्याला डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी भराभर दाबत सुटलो. तपासणारी मुलगी दार उघडून म्हणाली, "काका, मी अजून काही वाजवलंच नाही." तो माझ्या कानातला स्वतःचा सूर होता. बारीक, न थांबणारा, आजही आहे. म्हणून तर मला शांत खोली सहन होत नाही.

डॉक्टर म्हणाले, वरचे, बारीक आवाज जात चालले आहेत. गेलेले परत येत नाहीत, उरलेलेही हळूहळू कमी होतील.

"कोणते गेले?" मी विचारलं.

"जे गेले ते तुम्हाला कसे कळणार?" ते म्हणाले.

बसमध्ये बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुसली. ती शिट्टी. मीच तिला ताणून इतकी वर नेली होती. ती अजून मला ऐकू येते का? येत असेल तर आज ऐकायला हवी, उद्यावर भरवसा नाही.

शोध सुरू झाला. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला होता. दोस्ताकडची कार्डं कधीच पुसून पुन्हा भरली होती. इंटरनेटवर माझ्या मिक्सची पोरंबाळं सापडली, ढीगभर. कोणी वरून बास चढवलेला, कोणी स्वतःचं नाव ओरडलेलं, कोणी ट्रकचा भोंगा घातलेला. दोन्हींतला एक कान त्यातल्या त्यात बरा होता, त्या बऱ्या कानाला मोबाईल लावून मी एकेक ऐकायचो. शिट्टीची जागा यायची, आणि तिथे काहीच नसायचं. आता यांनी शिट्टी काढून टाकली, की ती आहे आणि मलाच ऐकू येत नाही? हे ठरवता येईना. बायकोला ऐकवावं तर तिच्या तोंडून खरं कळेल, याची भीती. दोस्ताला तर मी कानाचं काही सांगितलंच नव्हतं. मग पुन्हा पहिल्यापासून ऐकायचो. डोकं फिरायची वेळ आली होती.

एकदा मायचा फोन आला. तिला स्वतःचं दुखणं-खुपणं सांगायचं असतं, पण ती आधी माझीच उलटतपासणी घेते. "एवढा बोंबलतो कायले बे? मी काई बहिरी नाई." मी कसाबसा विषय बदलला आणि जुनं मिक्स शोधत असल्याचं सांगितलं.

"ते होय? ते मायाजवळ हाये ना," ती म्हणाली. "रोज सकायी लावतो मी."

तिचा बटणांचा जुना मोबाईल. त्याच्या कार्डात मी वंदना आणि गाणी भरून दिली होती, तेव्हा तिनं हट्टानं सांगितलं होतं की माया कुकरबी टाक त्यात. मी साफ विसरलो होतो. एवढे दिवस मी जिल्हा पालथा घालत होतो आणि ते गाणं उंद्रीत दररोज चहाबरोबर वाजत होतं.

दोस्ताला म्हटलं, चल. तो म्हणाला, "मोबाईलवर आयकाले एवढ्या दूर जातं का यार?" आणि त्यानं छोट्या टेम्पोत चाचांचा एक भोंगा, जुना बॉक्स, अँप्लिफायर आणि तो जनरेटर चढवला. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली, पण जनरेटर त्यानं विकला नाही. मी म्हटलं, मायच्या घरी लाईट आहे. तो म्हणाला, "लाईटवर तो आवाज नाई येत." खामगाव सोडल्यापासून मी गाडीत इतकी चुळबुळ केली की त्यानं दोनदा विचारलं, पोट दुखतं का.

दुपारची वेळ. मायने अंगण झाडून ठेवलं होतं. तिला वाटत होतं, पोरगा हौसेनं आला. दोस्तानं भोंगा ओट्यावर मांडला, मोबाईलमधलं कार्ड काढून लावलं, जनरेटरची दोरी ओढली. त्याचं धडधडणं मला स्पष्ट ऐकू आलं, तेवढ्यानंच जरा धीर आला. मग हलगी सुरू झाली. काय सांगू! तीच ती, पत्र्यातून आलेली, खरखरीत, एका बाजूला कललेली हलगी. मी डोळे मिटले. नांदुऱ्याचं दुकान, हातगाडी, चाचांचे कापसाचे बोळे, सगळं समोर आलं. मुखडा आला. दुसऱ्यांदा आला. आता शिट्टी. मी श्वास रोखून वाट पाहू लागलो.

हलगी चालूच होती. अजून वेळ असेल असं वाटलं. मी डोळे उघडले.

दोस्त वाकलेला होता, गुडघ्यावर हात, मान खाली. मायही वाकली होती. तिचे गुडघे दुखतात, म्हणून एक हात ओट्यावर टेकून अर्धीच वाकली होती. फक्त मी ताठ उभा होतो. मग हलगी थांबली. आमची ती शांतता आली, आणि तिच्यात माझ्या कानातला सूर वाजत होता. बास पडला. कोणीच उडी मारली नाही.

माय वाकल्या वाकल्याच मान वर करून माझ्याकडे पाहत होती. जयंतीला पाहिलं होतं तशीच, पण या वेळी हसू नव्हतं.

"कधीपासून बे?" ती म्हणाली.

दोस्तानं घाईघाईनं अँप्लिफायरकडे हात नेला. "बंद करू का, माय?"

"नोको. पयल्यापासून लाव."

ती सरळ होऊन माझ्याजवळ आली, त्याच बऱ्या कानाच्या बाजूला. तिला तो कसा कळला कोण जाणे. माझं मनगट घट्ट धरून ती गाणं ऐकत उभी राहिली. मुखडा आला, दुसऱ्यांदा आला. मग तिनं माझं मनगट दाबलं, ओठ माझ्या कानाशी आणले आणि आपल्या घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात तोंडानं शिट्टी वाजवली. आधी सुं, मग थांबून पुन्हा सुं, आणि मग लांब, दम पुरेपर्यंत लांब.

सूर तो नव्हता. जागा मात्र बरोबर तीच होती, जिथे अडखळायचं तिथेच ती अडखळली. मी वाकलो. माझ्याबरोबर ती वाकली, समोर दोस्त वाकला. हलगी थांबली, आणि माझं मनगट न सोडता माय माझ्याबरोबर बासची वाट पाहत राहिली.